करंगळीच्या पलीकडे

सावळज, ता. तासगाव
४ डिसेंबर २०२४

आत्या,

पाया पडते.

फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल तुम्हाला. पण तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे जयराजनी स्पीकर लावायचा, मी इकडून ओरडायचं, आणि शेजारच्या भामाबाईंनी कुंपणापलीकडून 'काय म्हणती सून?' असं विचारायचं. आज जे सांगायचं आहे ते ओरडून सांगण्यासारखं नाही.

मला दिवस गेलेत. दसऱ्याला जयराज चार दिवस इथे राहून गेले, तेव्हाचे. नऊ आठवडे झालेत. आबांना सांगितलं तर उठून द्राक्षबागेत गेले आणि दिवेलागणीपर्यंत आलेच नाहीत. तुम्हाला मी स्वतःच कळवीन, असं जयराजना बजावलं होतं.

आनंद झालाय का, ते मला सांगता येत नाही. आर्वीला जाऊन नऊ महिने होत आले. तिचे अडतीस दिवस मला अजून एकेक करून आठवतात. त्यातला कुठला दिवस मी नीट बघितला असता तर ती राहिली असती, हे शोधत बसते. तुमच्याकडून महिनाभरासाठी म्हणून माहेरी आले आणि आठ महिने झाले. 'परत कधी येतेस' असं तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, ते बरं केलंत.

मिरजेला एका नवीन डॉक्टरबाईंकडे गेले होते. जन्मजात आजारांचंच त्या बघतात. त्यांनी आर्वीची फाईल मागितली. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये पडदाच नाही, एवढंच त्यात लिहिलेलं आहे. बाईंनी फाईल मिटली आणि विचारलं, "घरात याआधी असं मूल झालं होतं का? तुमच्याकडे, किंवा मिस्टरांकडे?"

मी म्हटलं, "आमचं आणि मिस्टरांचं घर एकच आहे. मी त्यांच्या सख्ख्या मामाची मुलगी."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, नुसता हृदयाचा दोष असेल तर पुन्हा व्हायची शक्यता फार थोडी. पण तो रक्तातून आलेल्या एखाद्या आजाराचा भाग असेल, तर चारात एक. आधीच्या पिढीत असं मूल होतं का, यावर बरंच ठरेल. आणि चौथ्या महिन्यापर्यंत ठरलं, तर पोटातल्या बाळाची तपासणी करता येईल.

जयराजच्या आधी तुम्हाला एक मुलगा झाला होता, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण त्याच्याबद्दल घरात कुणी चार शब्द बोलल्याचं आठवत नाही. त्याला काय झालं होतं, आत्या? त्याचे हात कसे होते?

तुमची,
संयोगिता

*

उंब्रज
११ डिसेंबर

संयोगिता, माझ्या लेकी,

सुखात ऱ्हा. पोस्टमननं पत्र दिलं तवा मी भाकरी थापत हुते. पिठाच्या हातानंच फोडलं. दोनदा वाचलं आन मग देवापाशी ठेवलं. आता तुझ्या अक्षरावर पीठबी हाय आन हळदबी.

लय आनंद झाला बघ. आता सांगते तसं कर. पपई खायची न्हाई. जड उचलायचं न्हाई. तुझ्या आबाच्या, नानासोच्या मोटरसायकलवर बसून मिरजेला गेलीस असशील तर दोघांलाबी धरून मारीन. एस्टीनं जा, फुडल्या शीटवर बस. खारीक-खोबरं जयराजच्या हाती पाठवते. भामाबाई रोज इचारती, सून कवा येणार. मी म्हणलं, द्राक्षं गोड झाली की. तर म्हणती, आवं मग आमालाबी पेटी आणा.

तुझ्या डॉक्टरबाईला म्हणावं, मामाची लेक करायची रीत काय आजची न्हाई. माझा मालक माझ्या आत्याचा ल्योक. माझ्या आत्यालाबी तिच्या आत्यानंच सून करून आणली. असं आजार लागत असतं तर अर्धा तालुका अंथरुणात असता. शिकल्याली माणसं काय बी इचारत्यात.

माझं पयलं पोर मेल्यालंच जन्मलं. मला दाखवलंबी न्हाई, तर हात कसं हुतं ते काय सांगू? चवतीस वर्सं झाली. मेल्याल्याची चवकशी करून जित्याला दृष्ट लावू नगंस.

आन आर्वीला सहा-सहा बोटं हुती ती भाग्याचं लक्षण हुतं. आयुष्यच तेवढं घिऊन आली, त्याला बोटं काय करणार?

दूध पी. रडू नगंस.

तुझी आत्या

*

सावळज
१८ डिसेंबर

आत्या,

खारीक-खोबरं मिळालं. मोटरसायकलवर बसत नाही.

तुम्ही लिहिलंत, भाग्याचं लक्षण. मिरजेच्या बाईंच्या तोंडातही तोच शब्द होता. "सगळी लक्षणं सांगा," त्या म्हणाल्या, "फाईलमध्ये नसलेलीसुद्धा. बारीकसारीक वाटेल तेही सांगा." मी सांगत गेले. दोन्ही हातांना करंगळीच्या पलीकडे एकेक बोट. जन्मतःच खालच्या हिरडीत एक दात. नखं कांद्याच्या पापुद्र्यासारखी, काही बोटांना तर नाहीतच. वरचा ओठ आतून हिरडीला चिकटलेला, त्यामुळे दूध ओढताना धाप लागायची. आणि तुम्ही शिवलेली झबली. तुम्हाला आठवतं का? बाह्या दोनदा मुडपल्या होत्या तुम्ही. 'माप चुकलं गं माझं,' म्हणालात. आत्या, तुमचं माप चुकलं नव्हतं. कोपरापासून मनगटापर्यंतचा हातच तिचा आखूड होता.

बाईंनी लिहिणं थांबवलं आणि आजाराचं नाव सांगितलं. एलिस-व्हॅन क्रेवेल्ड. दोन परदेशी डॉक्टरांची नावं आहेत. मला पाठ व्हायला तीन दिवस लागले. फार थोड्या मुलांना होतो. आई आणि बाप दोघांच्याही रक्तात तो झोपलेला असावा लागतो, तरच बाळात जागा होतो. आईबाप मात्र धडधाकट असतात. आपली बोटं मोजायचं आपल्या मनात कधी येतच नाही.

मग त्यांनी कागदावर आपलं घर काढलं. बायका म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन. नवरा-बायकोमध्ये एक रेघ. आणि नवरा-बायको एकाच रक्ताचे असले तर दोन रेघा. माझ्या आणि जयराजच्या मध्ये दोन रेघा आल्या. तुमच्या आणि मामंजींच्या मध्येही दोन. तुमच्या गोलाखाली जयराजच्या शेजारी त्यांनी एक लहान चौकोन काढला आणि त्यात प्रश्नचिन्ह घातलं. तो कागद माझ्यापाशी आहे.

सगळं ऐकून बाई म्हणाल्या, "एवढं सगळं होतं, मग फाईलमध्ये बोटांचा उल्लेख का नाही?" मला ते सांगावं लागलं. बाराव्या दिवशी बारशाला तिच्या हातांना पाच-पाच बोटं होती. जादाच्या बोटांना तुम्ही रेशमी दोरा बांधला होतात, नवव्या दिवशी ती बोटं वाळून पडली. तेहतिसाव्या दिवशी ती निळी पडली, आपण तिला मिरजेला नेलं, आणि तिथल्या डॉक्टरांनी तिची मूठ उघडून विचारलं, "या करंगळीशेजारी खूण कसली?" तुम्ही म्हणालात, "जन्मखूण हाय." मी शेजारी उभी होते. माझ्या तोंडात शब्द आला होता. तुम्ही माझा हात दाबलात आणि मी गप्प बसले. तुमच्यावर काही टाकत नाही मी. आई गेल्यावर अकराव्या वर्षापासून तुम्ही हात दाबलात की मी गप्प बसत आले, म्हणून त्या दिवशीही बसले. तेवढंच.

आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आर्वीचं रक्त आता कुठेच नाही. बाई म्हणतात, वाळलेली नाळ, दात, केस, काहीही असेल तर त्यातूनही कळतं. घरात नाळ जपून ठेवायची पद्धत आहे. तुम्ही ठेवली आहे का?

दुसरी. मी आबांना तुमच्या पहिल्या मुलाबद्दल विचारलं. ते म्हणाले, "तिसऱ्या दिवशी मी बघायला गेलो, तर तुझ्या आत्याच्या सासूनं दारातनंच माघारी लावलं. मामानं तोंड बघायचं न्हाई म्हणाली."

मेलेल्या मुलाचं तोंड बघायला मामाला मनाई कशाला करतील, आत्या? तेही तिसऱ्या दिवशी?

संयोगिता

*

उंब्रज
२४ डिसेंबर

संयोगितास,

वाचलं.

तुझी आई गेली तवापास्नं तुझी वेणी मी घातली. न्हाण आलं तवा तुला मी बसवली. पोटच्या पोरीसारखी सून करून आणली. आज तू मला कागदावर गोल काढून दाखवतीस.

नानासोला आता काय आठवतंय? त्याला सकाळी काय खाल्लं ते संध्याकाळी आठवत न्हाई.

माझ्यापाशी नाळबीळ काय न्हाई. परत इचारू नगंस.

बयाबाई

*

सावळज
९ जानेवारी २०२५

आत्या,

पाया पडते.

'बयाबाई' अशी सही केलीत. ते पत्र मी कुणाला दाखवलं नाही.

काल सोनोग्राफी झाली. चौदा आठवडे पूर्ण. जयराज आले होते. रजा मिळत नव्हती, कारखान्याचा सीझन आहे, तरी आले. पडद्यावर बाळ हलत होतं. पाय मारत होतं. जयराज हसून म्हणाले, "आईच्या वळणावर गेलंय, भांडतंय बघ." डॉक्टर हसले नाहीत. ते एकाच जागी परत परत जात होते. हात दिसला की थांबायचे, मूठ मिटली की वाट बघायचे. मग म्हणाले, नीट दिसत नाही, दोन आठवड्यांनी या. दोन आठवड्यांनी पोटातलं पाणी काढूनही तपासता येईल. पण पाण्यात नेमकं काय शोधायचं हे आधी ठाऊक पाहिजे. ते आर्वीकडून कळलं असतं. आता माझ्या आणि जयराजच्या रक्तातून शोधताहेत. त्याला वेळ लागतो, आणि मध्ये संक्रांतीच्या सुट्ट्या.

मी परत काही विचारत नाही. फक्त सांगावंसं वाटलं.

बाहेर आल्यावर जयराज नळावर तोंड धूत राहिले. बराच वेळ. मी शेजारचा नळ सोडला. आपल्या घरात कुणी रडायला लागलं की दुसरा नळ सोडतो, हे तुमच्याकडूनच शिकलेय.

परवा आर्वीची ट्रंक उघडली. ते मुडपलेलं झबलं वर होतं. मी बाह्यांचा टाका उसवला आणि सरळ केल्या. मग एकदम भीती वाटली आणि परत मुडपल्या.

यंदा तिचं बोरन्हाण झालं असतं.

संयोगिता

*

उंब्रज
१४ जानेवारी, संक्रांत

संयोगिता, माझ्या बाय,

आज भामाबाई तिळगूळ द्याया आली आन गोड बोला म्हणाली. तिचा तिळगूळ हातात धरून मी बसून ऱ्हायले. गोड बोलून बोलूनच ह्यो दिवस आला, लेकी. आता खरं लिहिते. मधी कुठं अक्षर हाललं तर समजून घे.

माझं पयलं पोर मेल्यालं न्हवतं. नऊ दिवस जगलं. श्रावणात झालं, सन नव्वदला, ह्याच घरात. बाळंतपण म्हायेरी करत्यात, पर माझी सासू माझी आत्याच. रंगुबाई. तिनं सोडलंच न्हाई. म्हणली, माझ्यापरास तुझी आई जास्त करील का? आन खरंच, तिनं लय केलं माझं.

बनुबाई सुईणीनं पोरगं हातात दिलं. सहा बोटं. समद्यांनी साखर वाटली. मग सासूनं तोंडात मध घातला तर बोटाला दात लागलं. दोन. खालचं. तिचा चेहराच उतरला. दातासकट जन्मलं म्हंजी मामाला खातंय म्हणत्यात. आन मामा कोण, तर नानासो. तिच्या भावाचा एकुलता ल्योक. माझा एकुलता भाऊ. तिसऱ्या दिवशी तो खाऊ घिऊन आला, तर तिनं त्याला दारातनंच लावला. त्याच दिवशी दुपारी तिनं आन बनुबाईनं दात काढलं, जादाच्या बोटांनाबी दोरा आवळला. मी पोराचं पाय धरलं हुतं. रगत लय गेलं. आदीच त्याला ओढता येत न्हवतं, वरचा ओठ चिकटल्याला. हातबी आखूड हुतं, ते मला बघून कळलं, पर बाळाचं हात आखूडच असत्यात, म्हणलं. कापसानं दूध पिळायचं. सहाव्या दिवशी ओठ निळं पडलं. नवव्या दिवशी सकाळी गेला. ओढ्याकाठी पुरला. सासू म्हणली, मेल्यालंच जन्मलं म्हणायचं, न्हाईतर उद्या लोक म्हणतील सुनेच्या पोटात खोट हाय, आन नानासोलाबी कळाया नगं की त्याच्यापायी काय झालं. मी व्हय म्हणलं. आपल्यात सासू परकी नसती, बाय. त्यामुळं बोलायला कुणी परकंबी मिळत न्हाई.

त्याचं नाव ठेवलं न्हाई. मी मनात ठेवलंय. ते सांगत न्हाई.

आता आर्वीचं.

दवाखान्यात नर्सनं पोरगी फडक्यात गुंडाळून माझ्याकडं दिली. मी हात बघितला. मग बोटानं हिरडी बघितली. त्याच क्षणी मला समदं कळलं, लेकी. भाग्याचं लक्षण म्हणून पेढं मी वाटलं, ते तुझ्यासाठी. मी वळखली हुती तिला. तेच पोरगं परत आल्यावानी वाटलं.

मग मी काय केलं ते ऐक. मला वाटलं, ह्या खुणा काढून टाकाव्यात. खुणा न्हाईत म्हणलं की दैवाला घर सापडणार न्हाई. म्हणून दोरा बांधला. दात आपसूक पडला म्हणून तुला सांगितलं, तो पडला न्हवता. तू झोपली हुतीस. मिठाच्या फडक्यानं मी काढला. ह्या टायमाला रगत आलं न्हाई तर मला वाटलं, जमलं. वाचली. आन मिरजेत डॉक्टरनं इचारलं, तवा जन्मखूण म्हणलं, कारण खरं सांगितलं तर ते खरं झालं असतं. अडाणी हाय म्हण. वंगाळ हाय म्हण. पर मायेनं केलं, एवढं म्हण.

ती वाचली असती का, ते डॉक्टरबाईला इचारू नगंस. इचारलंस तर मला कळवू नगंस.

जयराजच्या हाती दोन डब्या देते. जर्मनच्या पत्र्याची हाय ती आर्वीची. नाळ, दोन बोटं, दात. वाळून मनुक्याएवढं झाल्यात. दुसरी चांदीची, माझ्या लग्नातली कुंकवाची. तीत माझ्या पयल्याची नाळ हाय. आन एक बोट. दुसरं सासूनं टाकून दिलं, हे मी चुलीमागनं उचललं हुतं. चवतीस वर्सं कणगीत ठेवलं. घरात कुणाला म्हाईत न्हाई. जयराजला आज सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आन डब्या खिशात घातल्या. मला बोलला असता तर बरं झालं असतं.

कागदावर माझ्या गोलाखाली चौकोन काढलाय म्हणलीस. त्यातलं ते प्रश्नाचं चिन्ह खोड. तिथं नऊ दिवस असं लिही.

आत्या

*

सावळज
२० फेब्रुवारी

आत्या,

महिना उलटून गेला, लिहिलं नाही. लिहायला बसायची आणि 'ती.' लिहून कागद बाजूला ठेवायची.

डब्या बाईंना दिल्या. त्यांनी टेबलावरचा सगळा पसारा बाजूला केला, हातमोजे घातले, आणि चांदीची डबी उघडताना मला विचारलं, "उघडू ना?" मला तुमची आठवण आली. तुम्हाला असं कुणी विचारलं नसेल.

मी कागदावर नऊ दिवस असं लिहिलं. बाईंनी खाली स्वतःच्या अक्षरात मुलगा, सहा बोटं, दोन दात असं लिहिलं. चौतीस वर्षांनी कुठेतरी त्याची नोंद झाली.

चार आठवडे लागले. दोघांचं सारखंच निघालं. अगदी एकाच जागची एकच चूक, त्याच्यातही आणि आर्वीतही. बाई म्हणाल्या, एवढ्या जुन्या नाळेतून काही मिळेल असं त्यांनाही वाटलं नव्हतं. "तुमच्या सासूबाईंनी कोरडं ठेवलं म्हणून," म्हणाल्या. कणगीतल्या ज्वारीनं ठेवलं ते.

मग पाण्याचा रिपोर्ट आला. काय शोधायचं ते आता माहीत होतं. सापडलं.

परवा मोठी सोनोग्राफी झाली. मूठ उघडी होती. डॉक्टरांनी मोजलं नाही, मीच मोजलं. हृदयाचा पडदा नाही, आर्वीसारखाच. पण हिची किंवा ह्याची, कोण ते त्यांना सांगता येत नाही आणि मी विचारतही नाही, छाती फार अरुंद आहे. फुप्फुसांना वाढायला जागाच नाही. बाई म्हणाल्या, या आजाराची काही मुलं ऑपरेशन करून मोठी होतात, शाळेत जातात. तशी एक मुलगी त्यांच्याकडे येते. पण हे बाळ बाहेर येऊन श्वास घेऊ शकणार नाही. थोडा वेळ धडपडेल. पुढे काय करायचं, ते तुम्ही दोघांनी ठरवा.

आम्ही दवाखान्याच्या आवारात बाकावर बसलो. दोन तास. एक बाई बांगड्या विकत होती, ती येऊन बसली आणि गेली. जयराज म्हणाले, "धडपडायला नको." मी हो म्हटलं. एवढंच बोललो. गुरुवारी, सत्तावीस तारखेला, मला भरती व्हायचं आहे.

तुम्ही लिहिलं होतंत, ते डॉक्टरबाईंना विचारू नकोस. मी विचारलं. तुम्हाला कळवत नाही.

खूप दिवस तुमचा राग आला. नंतर स्वतःचा आला. मग एका सकाळी उठले आणि कुणाचाच उरला नव्हता, नुसती तुमची आठवण होती. लग्नाआधी मी तुम्हाला 'तू' म्हणायचे. वरात उंब्रजच्या घराशी आली, तुम्ही माप ठेवलंत, ते ओलांडलं आणि तुम्ही 'तुम्ही' झालात. कुणी तसं करायला सांगितलंही नव्हतं.

आत्या, तू ये.

नर्सबाईंनी विचारलं, नंतर बघायचं आहे का? पुष्कळजणी नको म्हणतात. मी हो म्हटलंय. मला हातात घ्यायचं आहे. बोटं मोजायची आहेत, सगळी. आर्वीची मी कधी मोजलीच नाहीत. पहिल्या दिवशी गुंगीत होते आणि नंतर ती पाच झाली. या वेळी मोजताना कुणीतरी शेजारी हवं, ज्याला सहापर्यंत मोजता येतं. आपल्या घरात तसं तूच आहेस.

ये. फक्त दोरा आणू नकोस.

संयोगिता

*

उंब्रज
२५ फेब्रुवारी

संयोगिता,

पत्र जयराजच्या हाती देते. तो आज निघतोय. मी उद्या सकाळच्या एस्टीनं येते, घर झाकपाक करून.

नानासोला काल फोन केला. माझा मीच लावला. समदं सांगितलं, त्याच्यापायी काय झालं तेबी. माझं कानातलं मशीन शिट्टी मारत हुतं, म्हणून लय ओरडून सांगावं लागलं. भामाबाई कुंपणापाशी उभी हुती. ऐकू दिलं.

नानासो म्हणला, "आक्का, दारात आलो हुतो गं मी." मला तेवढंच ऐकू आलं. म्हणला, सत्तावीसला मीबी येतो, आन ह्या टायमाला कुणी दारात आडवं आलं तर बघतो.

लेकराला बघायला जाताना रिकाम्या हातानं जाऊ न्हाई म्हणत्यात.

मी रिकाम्या हातानं येते.

आत्या